बशीतलं काळीज

दुष्काळी कामावरच्या टोपल्या-कुदळी बेवारस पडल्या होत्या आणि सगळं गाव कोरड्या तळ्याच्या बुडात गोळा झालं होतं. सास्तूरच्या अलीकडचं गाव. दोन वर्षं पावसाचा पत्ता नाही, आणि माणसं टाचा उंचावून बघत होती काय, तर चिनीमातीच्या बशीत, पाण्यात पडलेलं जांभळाएवढं काळीज. ते चक्क धडधडत होतं! त्याला दोरा बांधलेला, दोरा गवताच्या काडीला, काडीच्या टोकाला भगवा कागद. ठोका पडला की झेंडा हलायचा आणि बायका हात जोडायच्या.

"बघा रे बघा!" हृदयनाथ महाराज ओरडले. "रामलिंगच्या पोरीचं रोगट काळीज म्या मंत्रानं भाईर काढलं! दिवस बुडायला धुऊन परत बसवतो. तवर औषधाचा थेंब पोटात गेला, तर मला बोल लावायचा न्हाय!"

"म्हाराज, एवढुसं कसं वो?" सरुबाईनं विचारलं.

"पाप गळाल्यावर उरतंय किती?"

"व्हय व्हय," लोक म्हणाले. महाराजांकडं उत्तर कायम तयार. पाणी तेवढं लोकांनी आणायचं: दर्शनाला घरटी एक घागर.

बाजूला घोंगडीवर रामलिंगची नऊ वर्षांची कडू पडली होती. ओठ निळे पडलेले, पाय सुजलेले, श्वास वरच्यावर. सांधेतापानं तिच्या काळजाची झडप बिघडली होती. ऑपरेशनसाठी सोलापूरच्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं, आणि तोवर गोळ्या चुकवू नका म्हणाले होते. महाराज आल्यापासून गोळ्या बंद होत्या.

तेवढ्यात रामलिंगची बहीण धुरपता एसटीतून उतरून धावत आली. विद्यापीठाच्या हृदयसंशोधन प्रयोगशाळेत ती काम करायची. सर प्रयोग आखायचे, ती ठोके मोजायची, आणि धोंडप्पा नावाचा शिपाई बेडूक पुरवायचा, काचसामान धुवायचा. धोंडप्पा गेल्या साली न सांगता पसार झाला होता.

"दादा, तिला उचल! आत्ता!"

"न्हाय उचलत!" रामलिंगचा आवाज चिरकला. "तूच दावलं व्हतंस की गं मला. तुज्या प्रयोगशाळेत, काळीज भाईर काढलेलं, आन् जितं! तिथंच मला रडू आलं. वाटलं, माज्या कडूचं बी काढून नीट करता येईल. तुमच्या सरांच्या पाया पडलो. ते म्हणले, आमी निस्ता शोध लावतो, उपाय आमच्या हातात न्हाय. मग म्या कुठं जाऊ, धुरपे? ह्यो माणूस तरी व्हय म्हणला!"

खरंच, धुरपतानं हौसेनं त्याला ते दाखवलं होतं, आणि पुढचं सांगायचं राहूनच गेलं होतं. तिचं लक्ष त्या काडीवर गेलं. दोऱ्याची गाठ, काडीचा कोन, सगळं तिच्या टेबलावरचं. फक्त तिथं काडी काजळीच्या कागदावर रेघ ओढायची, इथं झेंडा हलवत होती. तिनं महाराजांच्या दाढीच्या आतलं तोंड नीट पाहिलं.

"धोंडप्पा," ती म्हणाली, "काजळीचा कागद आणायचा राहिला का रे?"

महाराजांचा हात थबकला. "कोण धोंडप्पा? आमी हिमालयातनं आलोय!"

"बरं. सरुबाई, चहाचं आधण असंल तर जरा कोमट पाणी दे."

तिनं त्यात चिमूटभर मीठ विरघळवलं आणि बशीत ओतलं. झेंडा तुरुतुरु हलायला लागला. मग माठातल्या गार पाण्यात मीठ घालून ओतलं, तशी त्याची चाल मंदावली.

"म्हाराजांचा मंत्र चहाच्या आधणावर चालतो व्हय?" गर्दीतून कुणीतरी खिदळलं.

धुरपतानं महाराजांच्या मागच्या रांजणावरचं फडकं ओढलं. टुणकन एक बेडूक उडाला, मग दुसरा, मग चार. बायका किंचाळल्या. तळ्यातला गाळ खोल उपसताना ओल्या मातीत निजलेले बेडूक सापडले होते, ते महाराजांनी होमासाठी म्हणून मागून घेतले होते. रांजण पाण्यानं काठोकाठ भरलेला होता.

"अरे मुडद्या!" सरुबाई ओरडली. "पोरं तहानली ठिवून म्या डोक्यावरनं पाणी आणलं, ते तुज्या बेडकांना?"

"बेडकाचं काळीज मिठाच्या पाण्यात घटकाभर चालतं," धुरपता म्हणाली. "मंत्र नाही, तो त्याचा धर्मच आहे."

रामलिंग मात्र बशीपुढून हलेना. "धुरपे," त्यानं हळूच विचारलं, "तुज्याकडं ज्या बेडकाचं काळीज काढलं व्हतं... त्यानं परत उड्या मारल्या का गं?"

"नाही दादा. तो काढतानाच मेला. कडूचं काळीज कुणी काढलेलं नाही. तिच्याच छातीत आहे, दमलंय बिचारं. हात लावून बघ."

रामलिंगनं पोरीच्या छातीवर हात ठेवला. आतली धडपड हाताला लागली आणि तो लहान पोरागत हंबरला. "आगं, हितंच हाय की! आन् म्या तिच्या गोळ्या बंद केल्या!"

कामावरच्या मुकादमाची जीप कडूला घेऊन निघाली. धोंडप्पा तेवढ्यात लोकांच्या तावडीत सापडला होता, पण रामलिंगनं मागं वळून पाहिलं नाही. पोरीचं डोकं मांडीवर घेऊन तो एवढंच विचारत राहिला, "वाचंल का गं?"

"ठाऊक नाही," धुरपता रडतच म्हणाली. "खोटं 'व्हय' मी म्हणणार नाही. पण गोळी आत्ता देऊ, आणि दवाखाना गाठू."

बाबांनो, गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. पोर निळं पडलं की कुणाचीही मती फिरेल, त्यात रामलिंगला हसू नका. पण उद्या कुणी तुमच्यापुढं बशीत धडधडतं काळीज आणून ठेवलं, तर हात जोडायच्या आधी एवढं जरूर विचारा: ज्याचं हे काढलं, तो कुठाय?