नावाडिणीसाठी उभा राहिलेला ट्रक

मित्रांनो, माझ्या पाठीवर चोवीस हजार पाचशे शहात्तर ठिपके आहेत. प्रत्येक ठिपक्यात तीन बारीक दिवे: एक लाल, एक हिरवा, एक निळा. त्यांतले सुमारे चारशे ठिपके आता विझले आहेत. उजव्या कडेची एक पट्टी तर काहीही दाखवायला सांगा, हिरवीच राहते. मी एक जुना, फलक वाहणारा ट्रक आहे. सोल शहराजवळच्या पाजू गावाबाहेर एका आवारात उभा आहे. माझी गोष्ट आनंदाची नाही. पण ती सांगायलाच हवी, कारण तिच्यात एक चूक आहे आणि ती चूक साऱ्या जगाने माझ्याच पाठीवर वाचली.

माझा जन्म उल्सानच्या कारखान्यात झाला. एक टन ओझे वाहायचे, एवढेच माझे शिक्षण. पहिली आठ वर्षे मी हेनामचा कोबी सोलच्या बाजारात पोहोचवला. माझे मालक बांग काका स्वतःच मला चालवत. किमचीच्या, म्हणजे कोबीच्या लोणच्याच्या हंगामात माझ्यावर इतके गड्डे रचले जात की काकांना मागच्या काचेतून हिरव्या भिंतीशिवाय काही दिसत नसे. पुढे त्यांच्या गुडघ्यांनी कोबी उचलायला नकार दिला. मग त्यांनी माझ्यावर जनरेटर बसवला आणि दिव्यांचा हा फलक चढवला.

"काका, म्हातारपणी ट्रकला दागिने?" फलक जोडणारा मिस्त्री हसला.

"घालू दे त्याला. माझ्या लग्नातसुद्धा एवढी रोषणाई नव्हती," काका म्हणाले.

सुरुवातीचे दिवस मजेचे होते. कुणा गायकाचा वाढदिवस असला की त्याच्या चाहत्या मला भाड्याने घेत. मी त्याचा हसरा चेहरा पाठीवर घेऊन गल्लोगल्ली फिरे. मुली माझ्याशेजारी उभ्या राहून फोटो काढत. एकीने तर माझ्या आरशाला मिठी मारली होती.

पण आमच्याकडे चाहते जितके प्रेम करतात तितकेच रागावतातही. रागावले की ते स्वतः रस्त्यावर येत नाहीत. ते मला पाठवतात. ज्याच्यावर राग असेल त्याच्या कचेरीसमोर मला सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत उभे करतात. माझ्या पाठीवर त्यांचे शब्द झळकत राहतात आणि ते आपापल्या घरी, आपापल्या कामावर, कुणाच्याही नजरेस न पडता बसलेले असतात. माझ्या हजारो दिव्यांपैकी एकही माझ्या इच्छेने लागत नाही, हे ध्यानात ठेवा.

त्या जानेवारीत मला नारिमने बोलावले. नारिम सव्वीस वर्षांची, एका इस्पितळात रक्त तपासण्याचे काम करणारी. तिचे 'खाऱ्या पर्वतांची गाथा' या अकरा खंडांच्या कादंबरीवर वेड्यासारखे प्रेम होते. इंटरनेटवर या गाथेच्या वाचकांचे मोठे मंडळ होते, साडेअकरा हजार सभासदांचे, आणि नारिम त्यांची पुढारी होती. गाथेवर आता पडद्यासाठी सोळा भागांची मालिका बनत होती. मंडळाने त्या बातमीवर वर्षभर दिवाळी साजरी केली म्हणा ना. राजाचा मुकुट कसा असावा, ड्रॅगनच्या पंखांचा पसारा किती मीटर असला तर तो खरेच उडू शकेल, यावर पानेच्या पाने वाद झाले.

मग कलाकारांची यादी बाहेर आली. तिच्यात नावाडीण नव्हती.

ही नावाडीण नवव्या खंडातली. तिच्याकडे तलवार नाही, जादू नाही. हरलेले सैन्य बर्फाच्या लाद्यांनी भरलेल्या नदीकाठी येते, तेव्हा ती तीन दिवस तीन रात्री एकेका जखमीला पलीकडे नेते. आपला-परका पाहत नाही. सगळ्यांना नेणे तिला जमत नाही आणि तरीही ती वल्हे सोडत नाही. एवढेच प्रकरण. पण वाचकांना विचारा, गाथेचे काळीज कुठे आहे, तर ते याच पानांवर बोट ठेवतील.

काळीज कुणी कापले? मंडळाने शोध सुरू केला. मालिकेची पटकथा लिहिणाऱ्या मेंग इनसो यांची एक मुलाखत सापडली. तिच्यात एक वाक्य होते: "अकरा खंड सोळा भागांत बसवायचे, तर काहीतरी कापावं लागेल." बस, तेवढे पुरे झाले. माझ्या पाठीवर काय लिहायचे यावर मतदान झाले. मोठ्या अक्षरांत माझ्या एका ओळीत आठच अक्षरे मावतात. निर्मिती करणाऱ्या कंपनीचे नाव लांबलचक होते. ते बसवायचे तर बारीक होई आणि रस्त्यापलीकडून दिसत नसे. मेंग इनसो हे नाव आमच्या लिपीत तीनच अक्षरांचे. ते छान मोठे दिसले. म्हणून ते निवडले गेले.

नारिम मजकूर घेऊन आली तेव्हा थंडीने तिचे नाक लाल झाले होते.

"काका, अक्षरं लाल करा."

"लाल डोळ्यांत खुपतं गं, पोरी."

"खुपायलाच हवंय."

"बाई कोण आहे ही? तुझी वैरीण का?"

"मी तिला बघितलंही नाही कधी," नारिम म्हणाली, आणि काकांना हातमोज्यांत ठेवायच्या, ऊब देणाऱ्या दोन पुड्या देऊन निघून गेली. ती वाईट मुलगी नव्हती, मित्रांनो.

पहिल्या दिवशी मी सांगाम भागातल्या त्या उंच काचेच्या इमारतीसमोर उभा राहिलो. पाठीवर झळकू लागले: 'मेंग इनसो, लेखणी ठेव! नावाडिणीला मारू नकोस!' दर आठ सेकंदांनी ओळ बदले. दुपारी जेवणाच्या सुट्टीत माणसे बाहेर आली, हसली, मोबाईल काढून उभी राहिली. त्यांत करड्या कोटातली, पन्नाशीची एक बाई होती. ती माझ्यासमोर थांबली. चार वेळा ओळ बदलली तरी ती हलली नाही.

दारावरचा रखवालदार धावत आला. "मेंगबाई, वाचू नका हो असलं काही. चला आत. सूप गार होतंय."

तेव्हा मला कळले. मी तिचे नाव वाहत होतो आणि ती ते वाचत होती. माझे दिवे त्या क्षणी विझायला हवे होते. ते विझले नाहीत. जनरेटर उत्तम चालू होता.

दुसऱ्या दिवशी ती कागदात गुंडाळलेली दोन भाजकी रताळी घेऊन आली आणि काकांच्या खिडकीवर टकटक केली.

"दिवसभर बसून असता. खा."

"अरे वा! तुमचे उपकार. उणे अकरा आहे आज." काकांनी रताळे सोलले. "ह्या गोष्टीतलं मला काही कळत नाही, बाई. मी नुसता उभा राहतो. कोण कुठली लेखिका, फार दुष्ट आहे म्हणतात."

"म्हणतात खरं," ती म्हणाली. "मिठाशिवाय गोड लागतंय ना?"

आणि ती आत गेली. काकांना तिच्या गळ्यातले ओळखपत्र वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा त्यांनी खणात ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी नारिम आली. मंडळाला पुरावा म्हणून फोटो लागतो आणि तो पुढाऱ्यालाच काढावा लागतो. ती फोटो काढत असतानाच करडा कोट तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"तुम्ही ह्या मंडळातल्या?"

नारिम दचकली. "नाही... म्हणजे, हो. तुम्हीपण वाचता का, ताई?"

"नववा खंड सात वेळा वाचलाय."

"मी अकरा!" नारिमचा चेहरा उजळला. "तीन वर्षं मी सरकारी परीक्षा देत होते. हात पसरले की दोन्ही भिंती लागतील एवढी खोली. तिसऱ्यांदा नापास झाले तेव्हा घरी फोन करायची हिंमत नव्हती. त्या रात्री काय केलं असतं, सांगता येत नाही. शेजारच्या खोलीतल्या मुलीने हा खंड दारात ठेवला होता. नावाडीण वाचली. तीसुद्धा सगळ्यांना नेऊ शकत नाही ना... सकाळी घरी फोन केला."

ती बाई तिच्याकडे वळली. मग म्हणाली, "तिसऱ्या रात्री ती वल्ह्याला हात बांधून घेते."

"दोरीने नाही, स्वतःच्या वेणीने!"

"हो, वेणीनं. दोरी जखमींना बांधायला दिलेली असते." दोघीही हसल्या. एवढ्या थंडीत, माझ्या त्या लाल उजेडात, दोन माणसे एका नसलेल्या नदीविषयी बोलत हसत होती. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुंदर क्षण, आणि तो किती वेळ टिकणार हे मला ठाऊक होते.

"हे नाव लिहिण्याआधी तुम्ही तिला विचारलं होतं का?" बाईने विचारले.

"काय विचारायचं? तिनंच सांगितलंय, कापावं लागेल म्हणून."

"काय कापावं लागेल ते सांगितलंय?"

नारिम उत्तर द्यायच्या आत रखवालदार आला. त्याच्या हातात पुठ्ठ्याचे खोके होते आणि खोक्यात एक चहाचा पेला, चपला, कागदांचा गठ्ठा. "मेंगबाई, टेबलावरचं सगळं ह्यात भरून दिलंय त्यांनी. ओळखपत्र तेवढं परत मागितलंय. माफ करा हो, मला सांगितलं म्हणून..."

नारिमच्या हातातला मोबाईल खाली आला.

मेंग इनसोंनी गळ्यातली ओळखपत्राची दोरी काढली. आवाज चढवला नाही. "मी ड्रॅगनची लढाई कापत होते. चार मसुदे लिहिले, चारही मसुद्यांत नावाडीण होती. वरच्यांना ती नको होती. खर्च नदीवर का, आकाशात करा, म्हणायचे. मी असेपर्यंत ती राहिली असती. आज सकाळी त्यांनी तुमच्या ह्या ट्रकचे फोटो पुढे केले. म्हणाले, वाचकांनाच तुम्ही नको आहात."

"मी... मी आत्ता सगळ्यांना सांगते. ताई, मी लिहिते—"

"लिही. पण आधी हे बंद कर गं. माझी आई ह्याच रस्त्यावरून बसने जाते."

"काका!" नारिम ओरडली. "बंद करा! काका, बंद करा!"

"सहापर्यंतचं ठरलंय, पोरी."

"बंद करा हो!"

काकांनी आरशातून दोघींकडे पाहिले, मग खोक्याकडे. त्यांनी जनरेटरची चावी फिरवली. मी काळा झालो.

नारिमने त्याच दिवशी मंडळाला खरे काय ते सांगितले. कुणी ऐकले नाही. लेखिका गेल्याची बातमी आली होती आणि मंडळात जल्लोष चालला होता. "आपण जिंकलो! हिला कंपनीनं फितवलं," असे नारिमविषयी लिहिले गेले. चौथ्या दिवशी नवा पुढारी निवडून त्यांनी मला पुन्हा तिथेच उभे केले. पाठीवर: 'वाचकांचे ऐकल्याबद्दल आभार!' नारिम माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आपल्या अंगाने ती अक्षरे झाकायचा प्रयत्न करू लागली. माझा फलक तीन मीटर रुंद आहे. तिच्यामुळे दोनच अक्षरे झाकली गेली.

पुढच्या शरदात मालिका आली. जाहिरात करायला कंपनीने मलाच भाड्याने घेतले. तीन आठवडे मी नवव्या खंडातल्या त्या प्रसंगाची झलक पाठीवर घेऊन फिरलो. हरलेले सैन्य नदीकाठी येते, बर्फाच्या लाद्या एकमेकींवर आदळतात, एक सैनिक पाण्याकडे बघतो. पुढच्या दृश्यात सगळे पलीकडच्या तीरावर असतात, वर ड्रॅगन. कसे पोहोचले, कोणी आणले, काहीच नाही. सिग्नलला थांबलेली माणसे म्हणत, "काय ड्रॅगन आहे!" दर चाळीस सेकंदांनी ते सैन्य नदी ओलांडत राहिले आणि नदीवर कुणीच नव्हते.

मित्रांनो, तुमचेही एखादे आवडते पुस्तक असेल. त्यासाठी भांडा, जरूर भांडा. पण कुणाचे नाव माझ्यासारख्याच्या पाठीवर चढवण्याआधी त्याच्या दारापर्यंत चालत जा आणि विचारा. जिना चढायला तीन मिनिटे लागतात. माझे दिवे विझवता येतात, काकांनी एका चावीने विझवले होते. पण तोवर ते फोटो साडेअकरा हजार मोबाईलमध्ये जाऊन बसले होते. ते आजही तिथेच आहेत, लाल, ठळक, रस्त्यापलीकडूनही वाचता येतील असे.