सोनेरी डेंगळे

आमच्या गावात माणसाने काय वाटेल ते करावं. दारू पिऊन क्रिकेटच्या मैदानावर झोपावं, शेजाऱ्याच्या बायकोला घेऊन समुद्रकाठी जावं. वर्षभर कुजबुज होते आणि मग लोक विसरतात. पण फुला-भाज्यांच्या प्रदर्शनात विकतची भाजी आपली म्हणून मांडू नये. त्याला माफी नाही. रॉय हेबलथ्वेटने एकदा मंडईतली गाजरं मांडली होती. रॉयला जाऊन बरीच वर्षं झाली, त्याचा मुलगा आता आजोबा झालाय, आणि त्या मुलाला गाव अजून ‘गाजर’ म्हणतं.

हे आधीच सांगितलं, कारण त्या प्रदर्शनाची सेक्रेटरी म्हणजे माझी बायको, लिनेट. मी क्लाइव्ह. सेक्रेटरीचा नवरा हे आमच्याकडे एक बिनपगारी पद आहे. तंबूचे खुंट ठोकायचे, टेबलं वाहायची आणि बाई चिडल्या की समोर उभं राहायचं. बाई वसंतापासूनच चिडलेल्या असतात, कारण टोमॅटोला देठ हवा की नको आणि रुबार्ब हे फळ की भाजी यावरून कमिटीत दरवर्षी त्याच त्या भांडणाला त्याच त्या सुरात तोंड फुटतं. लिनेट स्वतः डेलिया लावते. फुलातलं तिला सगळं कळतं. कांद्यातलं कळतं असं तिला वाटायचं.

कांदा आमच्या गावात एकाचाच, सिरिल पिकर्सगिलचा. सिरिल जुना पोस्टमास्तर, नव्वदीला टेकलेला, आणि जीभ अशी की त्याच्याकडून तिकीट घ्यायलासुद्धा लोक धीर गोळा करून जायचे. त्याच्या कांद्याचं बी बाजारात मिळत नाही. ते त्याच्या वडिलांपासून चालत आलंय. नाताळच्या दुसऱ्या दिवशी सगळं गाव पोटावर हात ठेवून लोळत असतं, तेव्हा हा खिडकीत ट्रे मांडून बी पेरतो. प्रदर्शन संपलं की मांडलेल्या भाज्यांचा लिलाव होतो, पैसे चर्चच्या छपराला जातात. सिरिल छपरासाठी काय हवं ते देईल, पण कांदे देत नाही. “पोरं विकत नसतात,” म्हणतो, आणि कांदे मांडीवर घेऊन घरी जातो.

यंदा मे महिन्यात तो घराच्या पायरीवर पडला आणि खुबा मोडला. दवाखान्यातून त्याला शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवलं. आम्ही भेटायला गेलो तर नमस्कार नाही, चमत्कार नाही, पहिला शब्द “कांदे?”

“कांदे मी बघते,” लिनेट म्हणाली. “यंदाही टेबलावर असतील.”

“शब्द देतेयस, पोरी?”

“दिला.”

माझी बायको शब्द देते तेव्हा तो पाळायचा म्हणूनच देते. रोज संध्याकाळी ती सिरिलच्या वाफ्यावर जायची. तण काढायची, पाणी घालायची. जुलैत कमिटीचे लोक सगळ्यांचे वाफे बघायला निघाले, त्याच्या आदल्या दिवशी मीही तिच्याबरोबर होतो. कोपऱ्यात, पाण्याच्या पिंपाजवळ, तीन कांद्यांना कमरेएवढे डेंगळे आले होते, वर पांढऱ्या फुलांचे गोंडे. कांदा डेंगळ्यावर गेला म्हणजे वाया गेला, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. आणि प्रदर्शनवाल्याच्या वाफ्यात डेंगळा दिसणं म्हणजे भर लग्नात विजारीची शिवण उसवणं.

“म्हाताऱ्याचं नाक कापलं जाईल,” लिनेट म्हणाली. कात्री मीच दिली. तिने तिन्ही डेंगळे मुळाशी छाटले. फुलवाली बाई काही टाकून देत नाही, म्हणून ते आमच्या गॅरेजमध्ये उलटे टांगले गेले.

ऑगस्ट आला. कांद्याचं पाणी शेवटी तोडायचं असतं, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण उन्हं कडक होती, आणि म्हातारा तिकडे अंथरुणावर आणि त्याचे कांदे इकडे तहानलेले, हे तिला बघवेना. ती घालत राहिली. एके दिवशी तिने एक कांदा मानेला धरून उचलला तर मान हातात आली आणि कांदा जमिनीतच राहिला. वास सुटला. मग दुसरा, मग तिसरा. सगळी ओळ तशीच. ती पालथ्या बादलीवर बसली.

“सांगून टाक त्याला,” मी म्हणालो.

“सांगते.”

आलं घातलेला केक घेऊन ती आश्रमात गेली. मी गाडीत थांबलो. परत आली ती खिडकीबाहेर बघत बसली.

“सांगितलंस?”

“त्यांनी विचारलं, कांदे कसे आहेत.”

“मग?”

“मी म्हणाले, छान.”

पुढचं सांगताना मला अजून मान खाली घालावीशी वाटते. दोन जिल्हे ओलांडून पलीकडे एक माणूस असेच मोठे कांदे पिकवतो. आपल्याला कुणी ओळखणार नाही इतक्या लांब. त्याच्याकडून कांदे विकत आणले. गाडी मी चालवली. “तिसरा नंबर आला तरी पुरे,” लिनेट सारखी म्हणत होती. “टेबलावर दिसले म्हणजे झालं.” मीही तिची समजूत घातली. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हातारा खूश, तू खूश, कांद्याला काय कळतंय.

प्रदर्शनाच्या दिवशी परीक्षक तंबूत असताना बाकी सगळे बाहेर असतात. नावांची कार्डं पालथी ठेवलेली असतात, कोणाचं काय ते परीक्षकालाही कळत नाही. ते जेवायला गेले की सेक्रेटरी कार्डं सुलटी करते. लिनेट आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही, म्हणून मी डोकावलो. सिरिलच्या नावाच्या कांद्यांच्या बशीला पहिल्या नंबरचं लाल कार्ड लावलेलं होतं. तिच्या स्वतःच्या पुष्परचनेला दुसरा नंबर होता. विषय होता ‘सुगी’. गव्हाच्या लोंब्या, रानगुलाबाची फळं आणि मधोमध ते तीन डेंगळे, सोनेरी रंगाची फवारणी केलेले. परीक्षकाने लिहिलं होतं, ‘कल्पक’. तिने ते वाचलंसुद्धा नाही.

“पहिला नको होता रे,” ती म्हणाली. “क्लाइव्ह, पहिला नको होता.”

दुपारी आश्रमाच्या गाडीतून सिरिल आला. चाकांच्या खुर्चीत, कोट-टाय घालून. मी त्याला ढकलत कांद्यांच्या टेबलाशी नेलं. त्याने एका कांद्याच्या मानेवरून अंगठा फिरवला. मान बांधलेल्या दोऱ्याची गाठ बघितली. मग हात मांडीवर ठेवला. लिनेट चहाच्या टेबलामागे किटली धरून उभी होती. कुणाच्या कपात ओतत होती देव जाणे, बशीत चहा सांडत होता.

“सिरिल, झोपून राहून पहिला नंबर!” कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली.

“झोपल्यावर माणसाला बरंच काही मिळतं,” सिरिल म्हणाला.

आमचा अध्यक्ष जेफ्री ऑलरॉयड, निवृत्त दंतवैद्य. कुणी तोंड उघडलं की याला बरं वाटतं. त्याने माइक सिरिलपुढे धरला. पहिल्या नंबरवाल्याने चार शब्द बोलायचे, खत काय घातलं ते सांगायचं, ही आमची पद्धत.

“यंदा मी पाण्याचा थेंबसुद्धा घातला नाही,” सिरिल म्हणाला. “जे काय आहे ते लिनेटचं आहे.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक वळून तिच्याकडे बघत होते, आणि माझी बायको, जी कमिटीतल्या कुणाच्या बापाला भीत नाही, ती मानेपर्यंत लाल होऊन किटलीकडे बघत होती. मला वाटलं, त्याला कळलं नसावं. म्हातारपणी नजर जाते. असं वाटून घ्यायला मला आवडलं.

लिलाव सुरू झाला. जेफ्री भाज्या उचलून हाका देत होता. सिरिलच्या बशीशी आला आणि नेहमीप्रमाणे पुढे सरकला. “ही पोरं घरी जाणार.”

“नाही,” सिरिल म्हणाला. “काढ लिलावात.”

पहिल्या रांगेतली बार्बरा डोळे पुसायला लागली. “पुढचा उन्हाळा दिसत नसावा बिचाऱ्याला,” ती शेजारणीच्या कानात म्हणाली, आणि ते सगळ्या तंबूला ऐकू गेलं. खरं काय ते आम्हा दोघांनाच कळलं. पोरं विकत नसतात. ही त्याची पोरं नव्हती.

लिनेट किटली ठेवून आली आणि खुर्चीशेजारी गवतात गुडघे टेकून बसली.

“सिरिल...”

“कुजले?” त्याने हळूच विचारलं.

“सगळे.”

“पाणी?”

“रोज घातलं.”

“मग कुजणारच. माझ्या बायकोनेही एका वर्षी हेच केलं होतं. तिला मी आठवडाभर बोललो होतो, तुला बोलायची ताकद नाही. मला सांगायचंस ना पोरी. दुसऱ्याचे गोटे माझ्या नावावर मांडलेस. या वयात मला गाजर करायला निघालीस.”

“मला लाज वाटत होती.”

“मग आता कमी वाटतेय का?”

तिने नाही म्हणून मान हलवली.

“असू दे. रडू नकोस, बार्बराला वाटेल मी आत्ताच गेलो. बी आहे ना, मग पुढच्या वर्षी खरे मांडू. पिंपाजवळ तीन डेंगळे आहेत बघ. मीच लावलेत, गेल्या वर्षीचे पहिल्या नंबरचे कांदे. आता बी काळं पडायला लागलं असेल. वाऱ्याने झडायच्या आत त्यांच्या डोक्यांना पिशव्या बांध.”

लिनेटची नजर त्याच्या खांद्यावरून पलीकडे, फुलांच्या टेबलाकडे गेली. सिरिलने मान वळवून तिकडे पाहिलं. त्याची नजर अजिबात गेलेली नव्हती.

मला कुणी सांगितलं नाही, पण मी जाऊन फुलदाणी आणली. कात्री दिली होती, तेव्हा फुलदाणीही मीच आणायला हवी होती. सिरिलने एक गोंडा तोडून तळहातावर चोळला. सोन्याचे पापुद्रे त्याच्या कोटावर पडले.

“कधी कापलेस?”

“जुलैत. कमिटी येणार होती. मला वाटलं डेंगळे आलेत, लोक तुम्हाला हसतील.”

“आले नव्हते,” सिरिल म्हणाला. “आणले होते.”

त्याने फोलपटातून दोन-चार दाणे वेचले आणि नखाने दाबले. ते तिथेच चपटे झाले.

“पोचट.”

“घरी मागचं काही बी असेल की,” मी म्हणालो. काहीतरी म्हणायला हवं होतं.

“सगळं पेरलं. कांद्याचं जुनं बी उगवत नाही.” तो तळहाताकडे बघत होता. “सोनं कशाला लावलंस, पोरी?”

त्याने दाण्यांसकट मूठ मिटली आणि मांडीवर ठेवली.

तेवढ्यात जेफ्रीने माइकवरून सेक्रेटरीबाईंना हाक मारली. शेवटी सेक्रेटरीला पुष्पगुच्छ देतात, सगळे उभे राहून टाळ्या वाजवतात. लिनेट गुडघ्याला गवत चिकटलेलं तशीच पुढे गेली. गुच्छ घेतला नाही. माइक घेतला.

“सिरिलचे म्हणून मांडलेले कांदे विकतचे आहेत,” ती म्हणाली. “मी मांडले. त्यांना ठाऊक नव्हतं.”

टाळ्या मध्येच थांबल्या. कुणाच्या तरी कपात चमचा फिरत होता, तोही थांबला. ज्याने कांद्यांवर बोली लावली होती त्याने बशी हळूच टेबलावर परत ठेवली, जणू गरम होती. सगळे तिच्याकडे बघत होते. मागच्या रांगेत रॉय हेबलथ्वेटचा मुलगा तेवढा बघत नव्हता. त्याने टोपी काढली आणि तो जमिनीकडे बघत राहिला. मी उठून ‘गाडी मी चालवली’ म्हणायला हवं होतं. मी खुर्चीचा दांडा घट्ट धरून उभा राहिलो.

जेफ्रीला काय करावं सुचेना. दंतवैद्याच्या सवयीने त्याने दुखऱ्या जागीच बोट लावलं.

“मग सिरिलचे कांदे कुठायत?”

लिनेटने सिरिलकडे पाहिलं.

“हे,” सिरिल म्हणाला, आणि त्याने मूठ उघडली.