जपूनकाकांचा माईक

"आधी दोन घास खायचे, मगच गोळी घ्यायची. उपाशीपोटी घेतली तर पोटात जळजळतं," बायको म्हणाली. "नर्सबाईंनी सांगितलंय."

जपूनकाकांचा चहाचा कप तोंडापाशीच थांबला. ही गोष्ट त्यांनी ह्याच बाईला, ह्याच टेबलाशी बसून शंभरदा सांगितली होती. एवढंच काय, लाऊडस्पीकरवरून अख्ख्या वसाहतीला सांगितली होती. तेव्हा बाईसाहेब गुडघा चोळत उपाशीपोटीच गोळी गिळायच्या.

"मग मी काय वेगळं सांगत होतो?"

"तुम्ही सांगता हो. पण त्या कशा नीट समजावून सांगतात."

काकांनी चहा अर्धाच टाकला आणि चपला घातल्या. बायकोने मागून विचारलं, "आज गार झाला वाटतं?" चहा चांगला कडकडीत होता. गार दुसरंच काहीतरी झालं होतं आणि ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं.

काका कारखान्याच्या वसाहतीत पंप चालवायचे. टाकीखालच्या खोलीत दोन जुन्या मोटारी, एक लोखंडी स्टूल आणि भिंतीवर टांगलेला माईक, एवढा त्यांचा संसार. माईकचा कर्णा वर टाकीवर बसवलेला. तो मुळात पाण्याची वेळ सांगायला दिलेला होता. "पाणी अर्धा तास उशिरा येईल" म्हणायचं आणि बंद करायचा. पण काकांना एवढ्यावर थांबणं जमलं नाही. आधी त्यांनी पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं. मग गॅसची नळी चिरली असेल तर बदला, गॅसचा गिझर चालू असताना न्हाणीघराची झडप उघडी ठेवा, फोन चार्जिंगला लावून उशीखाली घेऊन झोपू नका, असं रोज काही ना काही सुरू झालं. वर्तमानपत्रातली कात्रणं ते जपून ठेवायचे, किराणा दुकानात उभे राहून पुड्यांवरची बारीक अक्षरं वाचायचे, आणि रोज सकाळी पाणी सोडलं की पाच मिनिटं बोलून शेवटी आवाज चढवून म्हणायचे, "जपून!" खरं नाव हळूहळू फक्त पगारपत्रकात उरलं.

तो माईकही त्यांच्यासारखाच जुना आणि हट्टी होता. त्याच्या बटणाची स्प्रिंग केव्हाच गेली होती. बोलेपर्यंत बटण अंगठ्याने दाबून धरावं लागे, आणि तेही जरा तिरकं. अंगठा थोडा हलला की कर्णा असा किंचाळायचा की वसाहतीतली तान्ही पोरं दचकून उठायची. ऑफिसातल्या कारकुनाने नवीन माईक मागवतो म्हटलं, तेव्हा काका म्हणाले, "कशाला? चालतोय की." माईक आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही याचा त्यांना मनातून फार अभिमान होता.

आणि मग ह्या नर्सबाई आल्या. वय म्हणाल तर काकांच्या धाकट्या मुलीएवढं. वसाहतीचा दवाखाना नेमका पंपाच्या खोलीसमोर. त्यामुळे काकांना खिडकीतून सगळं दिसायचं, आणि न बघता राहवायचंही नाही. पूर्वी लोक रस्त्यात त्यांना अडवायचे. "काका, हे तेल बघा बरं, जुनं तर नाही ना?" आता तीच तेलाची पिशवी घेऊन तेच लोक दवाखान्याच्या पायरीवर उभे. बाई पिशवी उन्हात धरून तारीख वाचायच्या, हसायच्या आणि काहीतरी सांगायच्या. ऐकणारे माना डोलवायचे. एकदा तर किराणावाला स्वतः तिथे पावडरीचा डबा घेऊन उभा दिसला. ज्या माणसाच्या दुकानात काकांनी उभं आयुष्य पुड्या वाचण्यात घालवलं, तो! काकांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या दिवशी त्यांनी मोटारीला विनाकारण दोनदा तेल पाजलं.

वाईट वाटतंय असं ते स्वतःला सांगत होते. खरं तर ते जळत होते. बाईंनी कुणाचं वाकडं केलेलं नव्हतं, कधी उर्मट बोलल्या नव्हत्या, आणि हेच जास्त खुपत होतं. चार दोष सापडले असते तर काकांना रात्री झोप तरी लागली असती.

त्यांची म्हणावी अशी एकच श्रोती उरली होती, त्यांच्याच इमारतीतली, तळमजल्यावरची शिवणकाम करणारी वहिनी. काका बोलायला लागले की ती मशीन थांबवायची. काकांनी सांगितलं म्हणून तिने शेगडीजवळचा पडदा काढला, काकांनी सांगितलं म्हणून सुयांचा डबा वरच्या फळीवर ठेवला. जिन्यात भेटली की म्हणायची, "काका, आजचं लक्षात ठेवलंय हं." त्या एका वाक्यावर काकांचा दिवस निघायचा.

अशातच एका सकाळी काकांनी एक जुनं कात्रण काढलं आणि माईकवर सांगितलं, "घरात कुणी चुकून काही विषारी प्यायलं, तर घाबरू नका. पेलाभर पाण्यात मीठ कालवा, पाजा, आणि लगेच उलटी करवा. जपून!"

दुपारी बाई पंपाच्या खोलीत आल्या. मोटारीच्या आवाजात बोलता येईना, म्हणून काकांना बाहेर यावं लागलं.

"काका, रागावणार नसाल तर एक सांगू? सकाळचं ते उलटीचं. आता तसं करत नाहीत."

"मी पहिल्यांदा नाही सांगितलेलं. वर्षानुवर्षं सांगतोय."

"हो ना, पूर्वी सांगायचेच तसं. पण मिठाच्या पाण्यानेही अपाय होतो. आणि रॉकेल असलं तर उलटी करताना ते छातीत उतरतं, पोटात असतं त्याहून वाईट. अ‍ॅसिड तर परत वर येताना दुसऱ्यांदा भाजतं. आपल्या मनाने काही पाजायचं नाही, उलटी करवायची नाही, बाटली बरोबर घेऊन सरळ दवाखाना गाठायचा. उद्या तेवढं सांगाल का?"

"तुम्हीच सांगा की. तुमचं ऐकतात हल्ली सगळे."

"माझ्याकडे आजारी पडल्यावर येतात, काका. तुमचा आवाज घराघरात जातो."

एवढं मोठं कौतुक वसाहतीत आजवर कुणी केलं नव्हतं. पण काकांच्या कानात शिरलं ते फक्त 'चुकलात' एवढंच, आणि ते तर बाईंनी उच्चारलंही नव्हतं.

"बघू," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बटण दाबलं. घसा खाकरला. 'काल मी जे सांगितलं' हे शब्द अगदी ओठांवर आले. मग त्यांना पायरीवरचे ते सगळे चेहरे दिसले. किराणावाला म्हणणार, बाईंनी काकांना शिकवलं. बायको म्हणणार, बघा, मी म्हणत नव्हते? काकांनी ओल्या जिन्यावर पाय घसरण्याविषयी सांगितलं आणि माईक खुंटीला लावला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पंखा पुसताना स्टुलावर कसं चढावं, ते सांगितलं. रॉकेल पितंय कोण, असं ते स्वतःला समजावत होते. बाई रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "काका, ते राहिलं वाटतं?" तर काका म्हणाले, "पाण्याचा घोळ चाललाय हो." घोळ बिळ काही नव्हता. टाकी काठोकाठ भरलेली होती.

मग एका दुपारी काका जेवायला घरी निघाले होते. जिन्याच्या तोंडाशी येतात तो आतून वहिनीचा आवाज आला. असा आवाज त्यांनी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

मशीनजवळ तिची छोटी मुलगी बसली होती. फ्रॉकवर ओघळ, तोंडाला रॉकेलचा वास. मशीनचे भाग पुसायला वहिनी थोडं रॉकेल ठेवायची, खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत. पोरीला ते गोड औषध फार आवडायचं. बाटली फरशीवर आडवी पडली होती. पोर खोकत होती, रडत होती, आणि वहिनी एका हाताने तिची मान मागे करत दुसऱ्या हाताने पेला तिच्या तोंडाशी नेत होती. पेल्यातलं पाणी पांढुरकं होतं.

"थांब! पाजू नकोस!"

"अहो काका, मिठाचं आहे! उलटी करवते!"

"नको! काही नको पाजू!"

"तुम्हीच तर सांगितलंत!" वहिनी ओरडली आणि तिने पेला पोरीच्या ओठांना लावला.

काकांनी हात मारला. पेला भिंतीवर आपटला, पाणी शिवायला आलेल्या कपड्यांवर उडालं. वहिनी त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. ज्या माणसाच्या शब्दावर तिने घर लावलं, तो माणूस तिच्या लेकराला वाचवूही देत नव्हता. समजावत बसायला वेळ नव्हता. काकांनी पोरीला उचलून छातीशी उभं धरलं, फरशीवरची बाटली खिशात कोंबली आणि ह्या वयाला न शोभेल असे धावत सुटले. मागून वहिनी अनवाणी. ज्या पायरीकडे ते इतके दिवस खिडकीतून डोळे वटारून बघत होते, तीच पायरी त्यांनी धापा टाकत गाठली.

बाईंनी एकच विचारलं, "उलटी करवली?"

"नाही."

"बरं केलंत." आणि त्या पोरीला घेऊन दवाखान्याच्या गाडीत बसल्या.

पोरीला मोठ्या दवाखान्यात एक रात्र ठेवून घेतलं. छातीत काही उतरलं नाही, डॉक्टर म्हणाले. उलटी करवली असती तर मात्र सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती परत आली तेव्हा सगळी वसाहत अंगणात जमली. वहिनी रडत, हसत सगळ्यांना सांगत होती, "काकांनी माझ्या हातातला पेला उडवला! मी वेडी पाजत होते. काका नसते तर..."

लोकांनी काकांभोवती कडं केलं. "काका, तुम्हाला बरोबर कळलं हो!" किराणावाल्याने पाठीवर थाप मारली. बायको गर्दीत उभी होती. तिच्या चेहऱ्यावर असा अभिमान काकांनी लग्नानंतर फारसा पाहिला नव्हता. कुणीतरी म्हणालं, "एवढी वर्षं उगाच बोलत नाहीत काका." इतके दिवस ज्याच्यासाठी जीव जळत होता ते सगळं एका संध्याकाळी परत आलं होतं. नुसतं गप्प बसायचं होतं.

नर्सबाई कडेला उभ्या होत्या, पोरीचा फ्रॉक नीट करत. त्यांनी काकांकडे पाहिलं आणि हसल्या. त्यांनी चारचौघांत दोन शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं. काकांना तिथे उभं राहवेना. पाण्याचं निमित्त सांगून ते निघून गेले.

सकाळी पाणी सोडलं आणि ते दवाखान्याच्या पायरीशी जाऊन उभे राहिले. "बाई, जरा पंपावर येता का? पाच मिनिटांचं काम आहे."

बाई आल्या. काकांनी स्टूल पुसून त्यांना दिलं, माईक काढला, बटण तिरकं दाबलं.

"मी बोलतोय. विषारी काही प्यायलं तर मिठाचं पाणी पाजा, असं मी सांगितलं होतं. ते चूक आहे. बाईंनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही. पाण्याचा घोळ वगैरे काही नव्हता. मला सांगायचंच नव्हतं. पोरगी वाचली ती बाईंच्या शब्दाने. आता त्याच बोलतील."

त्यांनी माईक बाईंसमोर धरला. बाई हात पुढे करून म्हणाल्या, "द्या, मी धरते."

"तुम्हाला नाही जमायचं. बटण बिघडलंय. तुम्ही बोला, मी दाबून धरतो."

बाई बोलायला लागल्या. चांगल्याच बोलल्या. काकांपेक्षा चांगल्या, हे काकांना पहिल्या चार वाक्यांतच कळलं. कात्रण नाही, खाकरणं नाही, समोर बसून एखाद्या मावशीला सांगावं तसं. बाहेर नळांवर भांड्यांचा आवाज बंद झाला होता. तळमजल्यावरचं मशीनही थांबलं होतं. ते त्यांच्यासाठी थांबायचं, आज बाईंसाठी थांबलं होतं. आत पुन्हा तीच जुनी आग भडकली. ती काल रात्रीत विझली असेल असं त्यांना वाटलं होतं, पण नाही. अंगठा जरासा हलला असता तरी कर्णा किंचाळला असता आणि सगळं तिथेच संपलं असतं. जुना माईक आहे, कोण काय म्हणणार? अंगठ्याला रग लागली, नख पांढरं पडलं. काकांनी दुसऱ्या हाताने मनगट आवळून धरलं.

बाईंचं बोलणं संपत आलं. त्या क्षणभर थांबल्या, काकांकडे पाहून किंचित हसल्या आणि माईकमध्ये म्हणाल्या, "जपून!"

वसाहतीतून हशा उठला, मायेचा, मोकळा. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. तो शब्द टाकीवरून निघून घरांवरून, अंगणावरून पार फाटकापर्यंत जाईतो काकांनी बटण दाबून ठेवलं. मग अंगठा उचलला. त्यावर बटणाचा गोल वळ उमटला होता.

"बरोबर झालं ना, काका?" बाईंनी विचारलं.

"झालं," काका म्हणाले. "उद्या थोड्या लवकर या. पाणी सोडायच्या आधी."

आणि माईक खुंटीला लावून ते मोटार सुरू करायला वळले.