अकरा वन्स मोअर

सिल्वासात संगीत नाटक जगवायची जबाबदारी रघुनाथ सरांनी स्वतःहून उचलली होती. सिल्वासाने तशी मागणी केलेली नव्हती. सर मूळचे देवरुखचे. शाळेत भूगोल शिकवायचे आणि दरवर्षी सरकारी कचेरीतल्या हौशी मंडळींना मिशा चिकटवून 'संगीत विहीणविलाप' हे स्वतःच लिहिलेलं नाटक उभं करायचे. ऑर्गनही स्वतःच वाजवायचे. व्हायोलिनला बांधकाम खात्यातला एक कारकून होता, पण त्याची दमणला बदली झाली. जाताना त्याने आपली एकुलती एक शिष्या जागेवर बसवली. ती टोकरखाड्याची चंदा अहिरे. वय एकोणीस, हात गोड, आणि वाजवताना चेहरा असा, की घरी गॅसवर दूध ठेवून आलीय.

चंदाचा बाप कारभारी अहिरे साक्रीकडचा, गलोंड्याला धाग्याच्या कारखान्यात मशीनवर होता. नाटकाला माणसं कमी पडायला लागली तेव्हा सरांनी कारखान्यातल्या खानदेशी मंडळींना फुकट पास वाटले आणि पडदा उघडण्याआधी त्यांची शिकवणी घेतली.

"पद आवडलं की ओरडायचं, 'वन्स मोअर!' म्हणजे परत होऊ द्या. कलावंताला याहून मोठा मान नाही."

"आन् नाही आवडलं तर?" कारभारीने विचारलं.

"तर गप्प बसायचं."

ही दोन कलमं कारभारीने जन्मभरासाठी पाठ केली. मशीनच्या खडखडाटावरून बोलून बोलून त्याचा आवाज तयार झालेला होताच. पहिल्या वर्षी पदांनाच वन्स मोअर मिळाले. दुसऱ्या वर्षी विहीण बेशुद्ध पडते त्या प्रवेशालाही मिळाला. विहीण चारदा पडली, त्यातली शेवटची खरोखरची होती. तिसऱ्या वर्षी मध्यंतराला वन्स मोअर आला आणि सगळ्यांनी निमूटपणे परत चहा घेतला.

चंदाला यातून एक वळण लागलं. सर सांगायचे, "वन्स मोअर आला की तेच वाजवायचं, पण थोडं जास्तीचं घालून. रसिकाला कोरडं पाठवू नये."

एक्क्याण्णव सालच्या प्रयोगाला सुधाकर कामेरकर नावाचे गृहस्थ आले होते. त्यांची मुंबईत कॅसेटची लहानशी कंपनी होती आणि कॅसेटच्या प्लास्टिकच्या डब्या ते सिल्वासाहून न्यायचे. त्या दिवशी टेम्पो भरायला उशीर होता, म्हणून दुपार काढायला ते नाटकाला येऊन बसले. नाटक संपल्यावर ते विहिणीला ओलांडून थेट चंदाकडे गेले.

"नाट्यपदांची कॅसेट करतोय. रजनीताई गाणार आहेत. एका पदाला येऊन वाजव. जमलं तर सगळी कॅसेट तुझी, आणि कव्हरवर नाव. नाही जमलं तर आमचा नेहमीचा वादक आहेच."

कव्हरवर नाव! 'व्हायोलिन : चंदा अहिरे.' चंदाने वहीच्या मागच्या पानावर ते तीन प्रकारच्या अक्षरांत लिहून पाहिलं. कारभारीने ही बातमी टोकरखाड्यात घरोघरी दिली, दोन घरी चुकून दोनदा. आई तानूबाईने कॅसेट ठेवायला भिंतीत फळी ठोकून घेतली. घरात टेपरेकॉर्डर नव्हता.

ठरल्या दिवशी बापलेक वापीहून गाडी पकडून दादरला पोचले. स्टुडिओ म्हणजे गादीसारख्या भिंतींची एक खोली. एका बाजूला मोठी काच आणि काचेपलीकडे अमोल नावाचा रेकॉर्डिस्ट. या माणसाकडे एकूण तीनच वाक्यं होती, 'सायलेन्स', 'ओके' आणि 'वन मोअर'. ती तो माईकमधून बोलायचा आणि खोलीत आकाशवाणी झाल्यासारखी ऐकू यायची.

रजनीताई साठीच्या. पंचवीस वर्षं रंगभूमीवर गायलेल्या. "बस गं पोरी," त्या म्हणाल्या. "आणि हे कोण?"

"माझे आबा. ते कोपऱ्यात बसतील. गप्प."

"बठ्ठं गप्प," कारभारीने अहिराणीत सगळंच गप्प राहायचा शब्द दिला.

सगळं एकदमच वाजायचं होतं, गाणं, तबला, ऑर्गन आणि व्हायोलिन. पहिल्या अंतऱ्याआधी एकट्या व्हायोलिनचा आठ सेकंदांचा तुकडा होता. चंदाने तो वाजवला. घाबरल्यामुळे एक सूर जरा खालीच लागला.

"वन मोअर," काचेपलीकडून आवाज आला.

चंदा हरखली. मुंबईत, पहिल्याच तुकड्याला! कोपऱ्यात कारभारी उठून काचेला हात जोडत होता. चंदाने मान लववली आणि सरांच्या शिकवणीप्रमाणे थोडं जास्तीचं घातलं. तुकडा वीस सेकंदांचा झाला.

"वन मोअर."

तिने एक तान घातली. मग पुढच्या खेपेला मींड. तबलजी आधी गोंधळला, मग खूश झाला, मग तोही जास्तीचं घालू लागला. सातव्या वन मोअरला आठ सेकंदांचा तुकडा चार मिनिटांवर गेला होता आणि रजनीताईंनी पिशवीतून लोकरीचं विणकाम काढलं होतं. अमोलचा आवाज खोल जात चालला.

"ऐक माय," कारभारी कुजबुजला, "आवाज भरून आलाय त्याचा."

अकराव्या वन मोअरनंतर अमोलने चौथं वाक्य वापरलं. "टी ब्रेक," तो म्हणाला आणि डोकं धरून बाहेर गेला.

कारभारी खाली बूथवर पळाला. त्याला कारखान्यात फोन लावून आकडा कळवायचा होता. खोलीत चंदा आणि रजनीताई उरल्या. रजनीताईंनी बशीत चहा ओतला.

"हात छान आहे तुझा. पण तो पोरगा सांगतोय ते ऐकत का नाहीस?"

"ऐकते ना. प्रत्येक वेळी वाढवून दिलं."

"काय वाढवून दिलं?"

"वन्स मोअर आला की द्यायचं असतं ना?"

रजनीताईंनी बशी खाली ठेवली. त्यांचे खांदे हलायला लागले आणि बराच वेळ हलत राहिले. मग त्यांनी डोळे पुसले. "अगं, तो नाटकातला. इथे वन मोअर म्हणजे चुकलं, परत कर."

चंदाने मनात हिशेब केला. अकरा वेळा चुकलं होतं. अकरा वेळा तिने मान लववून आभार मानले होते. आणि ऐन त्या घटकेला तिचा बाप गलोंड्याच्या सुपरवायझरला ओरडून सांगत होता, "अकरा, भाऊ! मुंबईवाल्यांनी अकरा दिले!"

दारात कामेरकर उभे होते. "बाई, पाच वाजता दुसरी पार्टी येणार आहे. आता एकदाच होईल. नाही झालं, तर नेहमीच्या वादकाला बोलावतो."

"आठच सेकंद," रजनीताई हळूच म्हणाल्या. "जास्तीचं काही नको."

कारभारी परत येऊन कोपऱ्यात बसला. चंदाने त्याला काही सांगितलं नाही. सायलेन्स झाली, पद सुरू झालं, तुकडा आला. चंदाने तो वाजवला, फक्त तेवढाच, सूर न् सूर जागच्या जागी. तान नाही, मींड नाही. आयुष्यात तिने इतकं कमी आणि इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं, आणि हे तिला वाजवतानाच कळलं. काचेपलीकडे अमोलची बोटं हवेत थांबली होती. तो चकार शब्द बोलला नाही.

गप्प बसला! कारभारीने ओळखलं. दुसरं कलम! अकरा वेळा मान देऊन आता, पोरीने जीव ओतला तेव्हा, गप्प? असा अन्याय त्याने सिल्वासातही पाहिला नव्हता. तो उभा राहिला.

"वन्स मोअर!"

खोली हादरली. अमोलने कानावरची यंत्रं उपटून फेकली. पण रजनीताईंच्या अंगात पंचवीस वर्षांची रंगभूमी होती. वन्स मोअर कानावर पडताच त्या हसल्या, चंदाकडे बोट केलं, आणि चंदाने तुकडा परत घेतला. त्यावरून रजनीताईंनी अंतरा असा उचलला, की तबलजी "वाहवा" म्हणाला. पद संपलं तेव्हा पाचला एक मिनिट कमी होतं.

"हे काय चाललंय?" कामेरकर किंचाळले. "गाण्यात माणूस ओरडतोय!"

"ओरडू दे," रजनीताई विणकाम पिशवीत भरत म्हणाल्या. "दहा वर्षांत मी इतकी बरी गायले नव्हते. हेच जाईल. नाहीतर दुसरी गायिका बघा."

सगळे काचेकडे बघायला लागले.

"ओके," अमोल म्हणाला.

कॅसेट गणपतीत बाजारात आली. लोकांना वाटलं, भर नाट्यगृहात रंगलेला प्रयोग आहे, आणि ती हातोहात खपली. कामेरकरांनी उरलेली पदं चंदाकडून वाजवून घेतलीच होती. पुढे चंदा रजनीताईंच्या नाटक कंपनीबरोबर गावोगाव वाजवत फिरली. पुढच्या कॅसेटच्या वेळी कामेरकरांचं पत्र आलं ते बापलेकीच्या नावे. लोकांची फर्माईश होती, तो ओरडणारा माणूस पाहिजे.

कारभारीने कारखान्यातून रजा काढली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि तो माईकसमोर उभा राहिला. चंदा व्हायोलिन मांडीवर घेऊन शेजारी बसली होती.

"वन्स मोअर!" कारभारी ओरडला.

"वन मोअर," अमोल म्हणाला.

कारभारीने आनंदाने काचेला नमस्कार केला आणि परत ओरडला, या वेळी थोडं जास्तीचं घालून. चंदाने व्हायोलिनचा गज ओठांवर धरून हसू दाबलं. तिने तोवर खरं सांगितलं नव्हतं, आणि आजही सांगायचा तिचा विचार दिसत नव्हता. तासाभराने कारभारी घामाघूम होऊन बाहेर आला.

"चंदे, नऊ!"

"भारी की, आबा," चंदा म्हणाली. "माझ्यापेक्षा दोनच कमी."

"होईल हळूहळू," कारभारी नम्रपणे म्हणाला.

कव्हरवर छापलं होतं : व्हायोलिन, चंदा अहिरे. खाली : वन्स मोअर, कारभारी अहिरे. तानूबाईने दोन्ही कॅसेट फळीवर ठेवल्या आणि टेपरेकॉर्डर आणायला नवऱ्याला बाजारात पिटाळलं.