सरळ रेघांचे आकडे

मी पटाशी बोलतेय. सुताराच्या पेटीतली. लांबी निम्मी उरली आहे, धार पुरी आहे. एवढी ओळख पुरे.

जन्माआधी मी एका ट्रकच्या पाट्यात होते. ट्रक भंगारात गेला आणि पाटा लोहाराकडे आला. त्याने मला लाल केलं, ठोकलं, पाणी दिलं. पाणी जास्त झालं तर पोलाद काचेसारखं तडकतं, कमी झालं तर लाकडापुढे मान टाकतं. माझं बरोबर बसलं. ते श्रेय लोहाराचं. धार टिकवली ती मी.

मिस्त्रींनी मला घेतलं तेव्हा ते तरुण होते. त्यांनी नखावर धार फिरवून पाहिली, "चालेल" म्हणाले आणि दुकानदाराच्या गप्पा मध्येच तोडून निघाले. तेव्हाच मला कळलं, आपलं जमणार.

पटाशीला एकच गोष्ट येते. सरळ जाणं. मी खाच पाडते, कुसू तासते. कुसू म्हणजे फळीच्या टोकाला काढलेली जीभ, जी खाचेत जाऊन बसते. वळण घेणं माझ्या अंगात नाही, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

माणसांचं मात्र नवल वाटतं. घरात स्क्रू पिळायचं हत्यार असताना ती पटाशी मागायला येतात. कशाला? रंगाचा डबा उघडायला. माझा मोठा शत्रू गंज नाही, शेजारी आहे.

मिस्त्रींना शाळा फार लाभली नाही. आकडे ओळखायचे, सही करायचे, संपलं. पण कपाट असो की माडी, ते अख्खं सोडवायचे, तुकड्यांचा ढीग लावायचे आणि महिन्याने डोळे मिटून पुन्हा जोडायचे. कुठल्याही तुकड्यावर खूण नसे.

"खुणा कशाला?" ते म्हणत. "आपल्या पोरांच्या कपाळावर नावं लिहितो का आपण?"

मग एका सकाळी त्यांचा डावा हात उचलेना. दवाखाना झाला, गोळ्या झाल्या, हात परत आला. दुसरं काहीतरी परत आलं नाही. ते फळी उचलत, उलटसुलट करत आणि खाली ठेवत. ही कुठली, ते आठवत नसे. घरात हे कुणाला सांगितलं नाही. मला माहीत होतं, कारण मी त्यांच्या हातात होते. पुढे तेही बंद झालं. मी पेटीत पडले. गंज चढला. रंगाचे दोन डबेही उघडवले माझ्याकडून.

पेटी उघडली ती सूनबाईंनी. मिस्त्रींचा मुलगा लांब पल्ल्याची गाडी चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी असतो. सूनबाई कारखान्यात पॉलिशचं काम बघायच्या. त्यांनी मला तेल लावलं, धारेच्या दगडावर घेतलं आणि घासत बसल्या. मिस्त्री दारातून बघत होते.

"कोन मोडशील तिचा."

"मोडला तर तुम्ही ओरडालच, मामंजी."

त्यांनी ओरडायला तोंड उघडलं, धार पाहिली आणि मिटलं.

काम आलं ते वाचनालयाचं. जुनी इमारत पाडायची होती. आतला लाकडी सज्जा, त्याचा कठडा, पुस्तकांची मांडणी आणि वर जाणारा जिना नव्या दालनात न्यायचा होता. वाचनालयाच्या बाई स्वतः आल्या.

"समितीला लोखंडी मांडण्या हव्यात," त्या म्हणाल्या. "मी भांडून एक संधी आणलीय. आधी फक्त जिना हलवा. तो नव्या जागी नीट उभा राहिला तर बाकीचं काम तुमचं. नाही राहिला तर हे सगळं लाकूड वखारीत जाणार. जळणाच्या भावानं."

"उभा राहील," मिस्त्री म्हणाले. पण त्यांची मूठ माझ्यावर आवळली. आपल्या डोक्यात आता जिना मावत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

संध्याकाळी ते एका टाकाऊ फळीवर खूण करायला बसले. पेन्सिल चालणार नव्हती. जुनं पॉलिश खरवडायचं होतं, त्यात खडू-पेन्सिल सगळं जातं. कोरायलाच हवं होतं. त्यांनी 'तीन' कोरायला घेतला. तिनाला दोन पोटं आणि खाली शेपूट. पहिल्याच वळणावर लाकडाचा टवका उडाला. 'पाच'चंही तेच झालं.

"काय कोरताय?" सूनबाईंनी विचारलं.

"धार बघतोय."

सूनबाईंनी टवके पाहिले, मिस्त्रींचा चेहरा पाहिला. टवके तेवढे झाडून टाकले. ते बरं केलं.

दुसऱ्या दिवशी घड्याळजी आले. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, मिस्त्रींशी जुनी दोस्ती आणि जुनं भांडण दोन्ही आहे. एका उंच घड्याळाची लाकडी पेटी, तबकडीसकट, दुरुस्तीला आणली होती. सूनबाई तबकडीकडे बघत राहिल्या.

"मामंजी, हे आकडे बघा. सगळ्या सरळ रेघा. एक वळण नाही."

"रोमन आहेत ते," घड्याळजी फुशारले. "सोपे असतात. एकाला एक रेघ, दोनाला दोन. पाच म्हणजे हाताचा पंजा, अंगठा आणि करंगळी फाकलेली. दहा म्हणजे फुली. लहान आकडा उजवीकडे लावला की मिळवायचा, डावीकडे लावला की वजा करायचा. दहाच्या डावीकडे एक, झाले नऊ. उजवीकडे एक, झाले अकरा."

"मग चार म्हणजे पाचाच्या डावीकडे एक. इथं तर चार रेघा आहेत."

"घड्याळात तशीच रीत आहे."

"कुणी पाडली?"

"माझ्या आजोबांना विचार. वर गेलेत."

"आणि बाराच्या पुढं?" सूनबाईंनी विचारलं.

"पन्नासाला एक उभी रेघ, पायाशी एक आडवी. चाळीस म्हणजे पन्नासाच्या डावीकडे दहा. शंभराला मात्र चंद्रकोर. गोल."

"गोल?" मिस्त्री म्हणाले. "मग शंभर तुकड्यांचं काम आपण घेत नाही."

घड्याळजी हसत सुटले. जाताना त्यांनी मिस्त्रींपुढे एक निकामी पत्र्याची तबकडी ठेवली. "गिरव बसून. अडलं तर विचार. जीभ झिजत नाही विचारून."

मिस्त्रींनी तबकडी भिंतीला टांगली. विचारलं काहीच नाही.

मला ते आकडे आवडले. उभा घाव, तिरका घाव, फुली. वाटलं, हे आकडे कुण्या पटाशीनंच शोधले असणार. मिस्त्री एकटे असताना सराव करत. तबकडीकडे बघत, मला टेकवत, लाकडी मोगरीनं अलगद ठोकत. ओठ हलत असत. इतक्या वयाचा माणूस आकडे गिरवतो तेव्हा त्याचा चेहरा लहान होतो. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतेय.

जिना अकरा पायऱ्यांचा होता. वर जाताना अरुंद होत जाणारा, त्यामुळे प्रत्येक पायरी खालचीपेक्षा जराशी आखूड. मिस्त्रींनी खालून वर जात एकेक फळी सोडवली आणि तिच्या पोटाशी, वरून दिसणार नाही तिथे, आकडा कोरला. प्रत्येक वेळी फळीची पुढची कड स्वतःकडे धरून. शिस्तीचा माणूस.

नव्या दालनात जिना जोडायचा दिवस आला. बाई आल्या होत्या. समितीचे दोघे मागे हात बांधून उभे होते. सूनबाई आकडा वाचून फळी देत होत्या, मिस्त्री बसवत होते. एक, दोन, तीन. कुसू खाचेत जायचं आणि 'टक' असा आवाज यायचा. त्या आवाजासाठी सुतार जगतो. आठवी बसली तेव्हा मिस्त्री गुणगुणायला लागले होते.

"नऊ," सूनबाई म्हणाल्या.

नववी आखूड पडली. कुसू खाचेच्या तोंडाशीच संपलं.

"लाकूड आटलं असेल," मिस्त्री म्हणाले. "मागून पाचर मारू. दहा दे."

दहावी बसली. अकरावी आत जाईना. लांब होती.

समितीतला एक जण खोकला. माणसं उगाच खोकत नाहीत. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, घाई नाही," पण त्यांचं लक्ष खोकणाऱ्याकडे होतं.

मिस्त्रींनी मला उचललं. अकराव्या फळीच्या कुसवावर टेकवलं. मोगरी वर गेली. माझी धार त्या जुन्या, सुक्या, निर्दोष लाकडावर उभी होती. एक घाव पडला असता तर ती फळी कायमची गेली असती. कापलेलं लाकूड परत वाढत नाही. मी सरळ जाते. थांबणं मला येत नाही.

"थांबा, मामंजी."

"काय थांबा? नववी आखूड, अकरावी लांब. मापं चुकली. हात गेले माझे."

"हात गेले असते तर आठवीपर्यंत टक टक वाजलं नसतं." सूनबाई खाली बसल्या. "लाकूड आटतं नाहीतर फुगतं. एकाच जिन्यातली एक फळी आटली आणि दुसरी फुगली? दोघी काय वेगळ्या घरच्या आहेत? मला पाच कोरून दाखवा."

"आत्ता?"

"आत्ता."

मिस्त्रींनी मोगरी खाली घेतली. एका टाकाऊ तुकड्यावर दोन तिरके घाव घातले. तोंड खाली, टोक वर. छपरासारखा.

सूनबाईंनी कपाळावर हात मारला आणि हसू दाबलं. "हा डोक्यावर उभा आहे."

"तबकडीत असाच आहे."

"तबकडीत खालचे सगळे आकडे डोक्यावरच उभे असतात, मामंजी! त्यांचे पाय मधल्या खिळ्याकडे असतात. पाचपासून आठपर्यंत सगळे तुम्ही उलटे कोरलेत. मी पंजा सरळ दिसावा म्हणून फळ्या फिरवून धरल्या, आणि पुढच्याही तशाच वाचत गेले. पण नऊ आणि अकरा तुम्ही सरळ कोरलेत. हे बघा."

त्यांनी फळी फिरवली. XI होता तो IX झाला. पुन्हा फिरवली. पुन्हा अकरा.

"ह्या आकड्याला डोकंच नाही," मिस्त्री पुटपुटले.

"डोकं आहे. आपण विचारलं नाही."

'आपण' म्हणाल्या. 'तुम्ही' म्हणाल्या नाहीत. मिस्त्रींनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं.

फळ्यांची अदलाबदल झाली. टक. आणि वरची, टक. मिस्त्री जिना चढून सगळ्यात वर गेले आणि तिथे उभ्या उभ्या टाचेनं दोनदा दणका दिला. जिना हूं का चूं करेना. खोकणारा पुढे येऊन पायरीवर हात फिरवू लागला.

"बाकीचं कधी सुरू करता?" बाईंनी विचारलं.

मिस्त्री उतरून खालच्या पायरीवर बसले. "बाई, एक सांगतो. पूर्वी सगळं डोक्यात राहायचं. आता राहत नाही. आजारानं नेलं." मग सूनबाईंकडे बोट केलं. "आता हिच्या खुणांवर राहील. चालत असेल तर उद्यापासून."

"चालतं," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी मला सूनबाईंच्या हातात दिलं. धार स्वतःकडे, मूठ त्यांच्याकडे. हत्यार असं द्यायचं असतं. "आकड्याच्या पायाशी एक आडवी रेघ मारायची. ती त्याची भुई. भुई दिसली की उभा कसा आहे ते कळतं."

"ही रीत कुणी पाडली?"

"माझ्या सुनेनं," मिस्त्री म्हणाले. "गप काम कर."

तेव्हापासून मी सूनबाईंची. त्यांचा घाव मिस्त्रींपेक्षा हलका आहे, पण सरळ आहे. कठड्याचे गज झाले, मांडणीच्या फळ्या झाल्या. आम्ही चाळीस ओलांडले, पन्नास ओलांडले. घड्याळजी रोज चहाला येऊन चुका शोधतात. सापडत नाहीत, म्हणून चहाला नावं ठेवतात. मिस्त्री बाकावर बसून फळ्या हातात घेतात, बोटानं भुई चाचपतात, मग आकडा चाचपतात आणि ती कुठली ते सांगतात. बरोबर सांगतात.

काल आम्ही नव्वदला पोचलो. मला वाटलं होतं, शंभर अजून लांब आहे. पण हे आकडे असे की नव्वद लिहायचे तरी शंभराच्या डावीकडे दहा लावावे लागतात. चंद्रकोर दारात येऊन उभी राहिली.

सूनबाई थांबल्या. मिस्त्रीही बाकावर पुढे सरकले. पटाशीला वळण घेता येत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

मग सूनबाईंनी दहाची फुली मारली आणि तिच्या उजवीकडे मला टेकवलं. उभा एक घाव. त्याच्या डोक्याशी एक आडवा, पायाशी एक आडवा. चंद्रकोर नव्हेच, उघड्या दाराची चौकट. खाली भुई.

मिस्त्रींनी बोट फिरवलं. "चौकोनी झाला."

"वाचता येतो का?"

बोट पुन्हा फिरलं. "येतो."

"मग?"

"मग पुढची घे."

आता पेटीत माझ्या शेजारी नवी पटाशी आली आहे. लांब आहे, चकाकते. खाचा ती पाडेल. माझी हरकत नाही. माझी लांबी दगडावर गेली, आणखी थोडी जाईल. पण आकड्यांचं काम माझ्याकडेच ठेवा, आणि कृपा करून रंगाचा डबा माझ्यापुढे आणू नका.

जिन्याच्या वरचा सज्जा अजून बाकी आहे. पुढची फळी बाकावर आली आहे, एकशे एक. चौकट, आणि उजवीकडे एक उभी रेघ. सूनबाई, दगडावर पाणी टाका. आधी धार करून घ्या.