मधला अंधार

"माझी कातडी जेवली का गं?" आईनं दारातूनच विचारलं.

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत दिवे बंद होते. पडद्यावरची नजर न काढता लेक म्हणाली, "सकाळीच जेवली."

गेल्या वर्षी प्रयोगासाठी निरोगी माणसाच्या पेशी हव्या होत्या, तेव्हा आईनं बाही वर सारली होती. "घ्या, एवढी सुरकुतलेली चालत असेल तर." दंडावरचा मसुराएवढा तुकडा गेला. तेव्हापासून त्या पेशी डिशमध्ये वाढत होत्या. त्यांचं पोषणद्रव्य बदलणं, म्हणजे आईच्या भाषेत त्यांना जेवू घालणं, हे लेकीचं काम होतं.

"आणि ही हिरवी कड कसली?"

"पेशीचं आवरण चरबीचं असतं. बाहेरून निरोप आला की त्यातले काही कण बदलतात, आत सांगावा धाडतात. त्यांना आम्ही चमक चिकटवलीय."

"म्हणजे चरबी बोलतेसुद्धा! मला वाटायचं, नुसती कमरेवर ठाण मांडून बसते."

लेकीला हसू आलं. तेवढ्यात पडदा विझला.

"एवढंच?"

"सतत उजेड टाकला तर मरतात त्या. अधूनमधून डोकवायचं फक्त."

"मग मधे काय झालं, ते कसं कळतं?"

"गणितानं भरून काढतो."

"बरंय बाई तुमचं." आई अजून उभीच होती. खोलीत दुसरं स्टूल होतं, पण त्यावर वायरींचा गुंता पडला होता. "निघू का मग?"

"हं."

हे नेहमीचंच होतं. त्या 'हं'नंतर आई जराशी रेंगाळायची, पुढे काही येतंय का पाहायची आणि दार ओढून घ्यायची. त्या दिवशीही तिनं ते हलकेच ओढलं.

दुपारी जरा पडते म्हणून आडवी झालेली आई उठलीच नाही.

लेक कामावर परतली तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख बाई तिची वाटच पाहत होत्या. "पेशी थकल्यात गं. आता वाढायच्या नाहीत. ही शेवटची डिश. मी टाकून देते, तू नको हात लावूस."

"राहू दे, बाई. मीच बघते."

तिनं द्रव कोमट केला, पेशींना जेवू घातलं. मग निरोपाचा थेंब सोडला आणि उजेडाची झडप उघडली. कडा हिरव्या झाल्या. आता झडप मिटायची. तिचं बोट बटणापर्यंत गेलं आणि तिथंच थांबलं.

उजेड तसाच राहिला. कड थरथरली, एका टोकाला गोळा झाली, पुन्हा पसरली. इतकी वर्षं गणितानं भरलेलं मधलं सगळं तिच्यासमोर चाललं होतं.

मग हिरवा रंग फिका होऊ लागला.

तिनं दुसऱ्या स्टुलावरच्या वायरी उचलून जमिनीवर ठेवल्या आणि ते आपल्या शेजारी ओढून घेतलं.

"एवढ्यात नको निघूस, आई," ती म्हणाली. "बस ना गं जरा."