तर्जनीवरचा घट्टा

मार्गशीर्षाचं ऊन हिरण्यकेशीच्या पाण्यावर उतरतं, तेव्हा नदीला आपल्या नावाची आठवण होते. सोनसळी, संथ, सुस्निग्ध असं ते पाणी काठाकाठानं सरकत राहतं. मागची लाट पुरती विरत नाही, तोच पुढची तिच्या अंगावर मान टेकते. निळ्या, निद्रिस्त सह्याद्रीच्या कुशीतलं हे गाव. भातं कापून झालेली, खळी सारवलेली, हवेत नव्या तांदळाचा दरवळ. नदीकडे तोंड केलेल्या एका कौलारू घरात मथूअक्का सतार शिकवीत.

अक्कांच्या डोळ्यांवर आता दुधाची साय आली होती. उजेड कळे, माणूस कळत नसे. त्या माणसं आवाजावरून ओळखीत, आणि शिष्या बोटांवरून.

त्यांची सारी विद्या डाव्या हाताची. उजव्याचं काय, तो तार छेडतो आणि मोकळा होतो. तारेला बोलतं करणारा उजवा, पण गातं करणारा डावाच. पहिल्या दिवसापासून एकच धडा असे. नवं बोट दांडीवरच्या पितळी पडद्यावर टेकल्याशिवाय जुनं उचलायचं नाही. अंगठा दांडीमागं सैल. तर्जनी तारेवरून उठायची नाही, सरकायची फक्त; स्वरातून स्वरात, श्वासातून श्वासात, अखंड, अलगद. कुणी मध्येच बोट उचललं आणि दोन स्वरांत फट पडली, की अक्का भाकरी उलथते आहेस का म्हणून विचारीत. सगळ्या हसत. जिला विचारलं, ती मात्र हसत नसे.

कुमुद त्यांची सर्वांत जुनी शिष्या. परकरात आली होती, आता कानशिलांवर रुपेरी रेघा आल्या होत्या. लग्न राहून गेलं, सतार राहिली. तिची तर्जनी पाहावी! काळवंडलेली, कठीण, कोरडी. टोकावर घट्टा, आणि घट्ट्याच्या मधोमध तारेनं कोरलेली खोल चरी. किती पहाटा, किती पावसाळे, किती एकाकी दुपारी त्या चरीत साठल्या होत्या. हळदीकुंकवाला गेली, की कुमुद ते बोट पदराखाली धरी. बाकीच्यांच्या बोटांत अंगठ्या असत.

मग शशिकला आली. पोस्टमास्तरांची मुलगी, कोवळी, केतकवर्णी, हसरी. आणि आल्या आल्या तिचा डावा हात असा चालू लागला, जसा कुमुदचा कधी चालला नव्हता. षड्जावरून निघालेली तिची मींड पंचमावर कधी पोहोचली, ते कळतच नसे. कुठं खर नाही, कुठं खाच नाही, कुठं खंड नाही. तुपाची धार भातावर पडावी, तसा स्वर पडे. कुमुदच्या मींडेत मात्र घट्टा तारेवर घासल्याची एक बारीक खर येई, आणि ती आता तिला रात्रंदिवस ऐकू येऊ लागली.

हेवा वाटला. उगाच गोड शब्द कशाला वापरा? कुमुदला शशिकलेचा हेवा वाटला, आणि तो मनात लपून राहणारा नव्हता, ठसक्यासारखा घशाशी येणारा होता. शशीचं हसू बोचलं, शशीची वेणी बोचली, शशी दारात चपला काढी ते नीटनेटकेपणही बोचलं. अक्कांनी एकदा शशीला नुसतं "हं" म्हटलं, तर त्या 'हं'ला कुमुद चार दिवस पोटात घेऊन फिरली.

त्यात तो दिवस जवळ येत होता. मार्गशीर्षात अक्कांच्या गुरूंची पुण्यतिथी असे. त्या सकाळी अक्कांची स्वतःची सतार एका शिष्येच्या मांडीवर दिली जाई. दरवर्षी ती कुमुदच्याच मांडीवर येई. यंदा मात्र अक्कांनी सांगून टाकलं होतं, की माझे हात कापतात. सकाळी जी वाजवील, तिनं सतार घरी न्यावी, ती कायमची. कुमुदनं आयुष्यात दुसरं काही मागितलं नव्हतं, आणि हेही तोंडानं मागितलं नव्हतं.

एका दुपारी दोघी अक्कांच्या ओसरीवर पावटे सोलत बसल्या होत्या. कुमुदनं सहज म्हणून शशीचा डावा हात हातात घेतला आणि तर्जनीवरून अंगठा फिरवला. मऊ, मृदुल, जाईच्या पाकळीसारखी त्वचा. तारेची जेमतेम एक गुलाबी रेघ. कुमुदच्या मनात वीज चमकली. हेच ते! हिचं बोट मऊ, म्हणून हिची मींड मऊ.

नवशिकीलाही ठाऊक असतं की घट्ट्याशिवाय सतार वाजत नाही. कोवळ्या कातड्याला तार चिकटते, कापते. शशीचं गुपित एवढंच होतं, की तिचा अंगठा सैल होता, दाब हलका होता आणि अक्कांचा पहिला धडा तिनं तंतोतंत पाळला होता. कुमुदला हे कळत नव्हतं असं नाही. पण मत्सर शिकलेल्यालाही अडाणी करून सोडतो.

ताप आल्याचा निरोप धाडून ती घरी बसली. दुपार झाली की ऊन पाण्यात बोट बुडवायचं, कातडी फुगू द्यायची, आणि टाच घासायच्या वज्रीनं घट्टा घासायचा. पांढरा भुगा पाण्यावर तरंगे. पहाटा गेल्या, पावसाळे गेले, त्या एकाकी दुपारी एकेक करून गेल्या. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हे. शेवटी खालून एक नवं, गुलाबी, बावरलेलं बोट निघालं. त्याच्याकडे पाहून कुमुद कितीतरी दिवसांनी हसली.

पुण्यतिथीच्या आदल्या संध्याकाळी त्या घरात हात दाखवायची रीत होती. समई लागे. अक्का डोळे मिटून बसत. शिष्येनं आत यायचं, एक शब्द न बोलता डावा हात त्यांच्या ओंजळीत ठेवायचा, आणि तसंच निघून जायचं. निर्णय सकाळी कळे.

कुमुद आत गेली. हात ठेवला. अक्कांचा सुरकुतलेला, थरथरता अंगठा तिच्या तर्जनीच्या टोकावर आला, थांबला, पुन्हा फिरला. आणि कधी नव्हे ते अक्का रीत मोडून बोलल्या.

"शशे, वाईट वाटून घेऊ नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "तुझा हात गोड आहे, तुला पुष्कळ वाजवायचंय. पण सतार मी कुमूला देणार. तिच्या मींडेत ती बारीकशी खर आहे ना, ती मला शिकवता येत नाही गं. जन्म घासलाय तिनं त्या तारेवर, तो ऐकू येतो. माझ्या मींडेत तो कधी ऐकू आला नाही. खरं सांगू? मला हेवा वाटायचा तिचा."

समईची ज्योत स्थिर होती. बाहेर नदी वाहत होती. कुमुदला त्या बाईचा हेवा वाटला, जिचं बोट अक्कांना हवं होतं. असा हेवा शशीचाही कधी वाटला नव्हता. ती उठून गेली असती, तर सकाळी सतार तिच्या मांडीवर आली असती. पण सकाळी त्या बोटानं काय वाजलं असतं?

"अक्का, मी कुमुद," ती म्हणाली.

अंगठा पुन्हा आला. चरी शोधू लागला. टोकावर, कडेला, पेरावर. अंधारात हरवलेलं काही चाचपावं, तसा शोधत राहिला.

"घट्टा येईल परत," अक्का म्हणाल्या. "वर्षभरात येईल. पण मी जिला सतार देणार होते, तिनं तो खरवडला नसता." आणि त्यांनी तिचा हात तिच्या मांडीवर परत ठेवला, अगदी हळुवार, उसना आणलेला जिन्नस परत करावा तसा.

सकाळी सतार शशिकलेच्या मांडीवर गेली. कुमुदनं तंबोरा धरला. तंबोऱ्याला डाव्या हाताचं काम नसतं. चार मोकळ्या तारा उजव्यानं छेडत राहायच्या. शशीचा स्वर निघाला, सोनेरी, सलग, संथ, आणि अक्कांनी डोळे मिटून मान डोलावली. कुमुद छेडत राहिली, षड्ज, षड्ज, पुन्हा षड्ज. मांडीवर तिचा डावा हात पडून होता, आणि त्याचं ते नवं, कोवळं, निरुपयोगी बोट नसलेल्या तारेवरून सरकत होतं, सरकत होतं, न उचलता.